पॉज खाणारी पोर

सदानंद केळूसकर गेले त्याला आठ महिने झाले होते, आणि केतकीला अजून निवांतपणे दुःख करायला जागा मिळाली नव्हती. जिथे जावं तिथे कुणीतरी आधीच येऊन बसलेलं असायचं. डेअरीतल्या बाई दुधाची पिशवी हातात देताना म्हणायच्या, "आमच्या घरातलंच माणूस गेलं हो." दातांच्या डॉक्टरांनी तर कमालच केली. तिचं तोंड उघडं, गालात कापसाचे बोळे, आणि हे गृहस्थ डोळे पुसत सांगतायत, "लहानपणी अस्वलदादांच्या आवाजाशिवाय मला झोपच यायची नाही. वडील फिरतीवर असायचे ना."

"माझेही," असं तिला म्हणायचं होतं. पण बोळे होते.

तिच्या वडिलांची, अप्पांची, नट म्हणून कारकीर्द सहासष्ट वर्षांची. कामगार नाट्यस्पर्धेत चौथ्या शिपायाच्या कामाने सुरुवात झाली आणि मग माणूस थांबलाच नाही. रंगमंचावर सावकार, कीर्तनकार, न्यायाधीश, दोनदा यमधर्म. सिनेमात हवालदार इतके की खरे पोलीसही त्यांना सलाम ठोकत. मालिकांत चार पिढ्यांचे सासरे. मग गुडघे गेले तेव्हा नुसता आवाज उरला आणि त्या आवाजाने आणखी वीस वर्षं काम केलं. एका कन्नड नायकाचा मराठी आवाज, कार्टूनमधलं अस्वल, शेकडो श्राव्यपुस्तकं आणि एका बँकेच्या फोनवरचं "कृपया थोडा वेळ थांबा." अप्पा गेल्यावर केतकीने त्या बँकेला दोनदा काम नसताना फोन केला होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

केतकी स्वतः मुद्रितशोधक होती. चोपन्नाव्या वर्षीही एका जुन्या प्रकाशनसंस्थेची प्रुफं तपासायची. यंत्रं शुद्धलेखन तपासत, पण वाक्य चुकीच्या माणसाच्या तोंडी गेलंय हे अजून तिलाच आधी कळायचं. दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात तिने आयुष्य घालवलं, कारण तिची स्वतःची एक चूक सगळ्या महाराष्ट्राला पाठ होती.

ती चूक अशी. १९९८ची मे महिन्याची सुट्टी, साताऱ्याचा दुपारचा प्रयोग. प्रॉम्प्टर आजारी पडला म्हणून अकरा वर्षांच्या केतकीला संहिता आणि विजेरी देऊन विंगेत स्टुलावर बसवलं. नाटक तिला तोंडपाठ होतं. तिसऱ्या अंकात अप्पा म्हणाले, "ते पत्र..." आणि थांबले. प्रेक्षागृह चिडीचूप. केतकीला वाटलं, विसरले. तिने खणखणीत आवाजात अख्खं वाक्य दिलं, "ते पत्र मीच फाडलं!" पहिल्या दोन रांगा हसल्या. प्रयोग संपल्यावर रंगपटात, सगळ्यांसमोर, अर्धा मेकअप उतरवलेले अप्पा कडाडले, "पॉजमध्ये वाक्य देतात का, गाढवे? पॉज खाल्लास माझा!"

पुढच्या दौऱ्यापासून विंगेतल्या स्टुलावर मालन गुरव नावाची बाई बसायला लागली आणि एकतीस वर्षं अप्पांच्या कामाला राहिली. केतकी पुन्हा कधी विंगेत गेली नाही. अप्पांनी मात्र तो किस्सा प्रत्येक मुलाखतीत सांगितला. "आमची कन्या म्हणजे पॉज खाणारी पोर!" टाळ्या. तिच्या लग्नात तिच्या सासऱ्यांनीसुद्धा तो सांगून घेतला.

*

जुलैच्या एका सकाळी पाषाणच्या ध्वनी-प्रयोगशाळेतून डॉ. रुबिना इनामदारांचा फोन आला. पन्नाशीच्या, केस पांढरे होऊ दिलेल्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. अप्पांनी शेवटची कादंबरी अर्धी वाचून सोडली होती. चाळीस पानं उरली होती. प्रकाशकाला ती अप्पांच्याच आवाजात पूर्ण करून हवी होती, आणि कायद्याने त्यासाठी वारसाची सही लागे.

"नुसत्या आवाजाची सही असती तर कागद पाठवला असता," डॉ. रुबिना म्हणाल्या. "पण थर निवडायचाय. त्यासाठी तुम्ही समोर हव्यात."

थर म्हणजे काय ते त्यांनी केतकी प्रयोगशाळेत आल्यावर चहा घेता घेता समजावलं. मृत माणसाचा आवाज यंत्रातून काढणं ही आता जुनी गोष्ट झाली होती. आवाज हुबेहूब निघायचा, पण दहा मिनिटांत ऐकणारा कंटाळून बंद करायचा, आणि का ते कुणालाच सांगता यायचं नाही. पुढे कळलं की तो आवाज कुणाशीच बोलत नसायचा.

"आपण बाळाशी बोलताना आवाज चढवतो, साहेबाशी बोलताना श्वास वरच्यावर घेतो, हे सगळ्यांना माहीत आहे," डॉ. रुबिना म्हणाल्या. "पण ते त्याहून बारीक असतं. प्रत्येक जवळच्या माणसासाठी आपला घसा थोडा वेगळा लागतो. वाक्याआधीचा श्वास, शब्दांमधली फट, स्वर किती उघडायचा, सगळं. समोरच्या माणसाचा ठसाच तो. गंमत म्हणजे माणूस प्रत्यक्ष समोर नसला, नुसता मनात असला, तरीही ठसा उमटतो. चांगला नट बंद खोलीत माइकसमोर बोलतो तेव्हा मनात कुणालातरी बसवतोच. रेकॉर्डिंग भरपूर असलं की यंत्र हे ठसे सुटे करतं. तुमच्या वडिलांचं चार हजार तास आहे. एवढं सामान आम्हाला कुणाचंच मिळालं नव्हतं."

पडद्यावर तीन रंगांचे पट्टे आले. अ, ब आणि क.

"अ म्हणजे तुमच्या आई. घरच्या जुन्या निरोपांवरून ओळख पटली. ब म्हणजे तुम्ही. क कोण, ते आम्हाला माहीत नाही."

क सगळ्यांत रुंद होता. इतका की बाकीचे दोन त्याच्या कडेला लावलेल्या काठासारखे दिसत होते.

"कामातला अर्ध्याहून जास्त भाग क आहे," डॉ. रुबिना म्हणाल्या. "अस्वलसुद्धा. लोकांना जो केळूसकर माहीत आहे तो 'क'शी बोलणारा केळूसकर. आणखी एक आहे. क थरात प, ब, म म्हणताना त्यांचे ओठ गरजेपेक्षा जास्त वेळ मिटतात. स्वर पूर्ण उघडतात."

"केळूसकरी उच्चार," केतकी म्हणाली. नाट्यशाळेतली मुलं त्याची नक्कल करत.

"तोच. तो कुठून आला ते कळत नाही. इतकं तोंड उघडून माणूस उगाच बोलत नाही."

"आणि ब? कामात ब किती आहे?"

डॉ. रुबिनांनी चहाचा कप खाली ठेवला. "ब फक्त तुमच्याशी प्रत्यक्ष बोलताना आहे. फोन, निरोप, घरातली चित्रफीत. कामात... शून्य."

"एकाही भूमिकेत नाही? सहासष्ट वर्षांत?"

"एकाही नाही."

केतकीने मान हलवली, जणू प्रुफातली किरकोळ चूक दाखवली होती. मग म्हणाली, "मला ब हवाय. उरलेली चाळीस पानं बमध्ये करा."

"एकदा ऐकून घ्या."

यंत्राने कादंबरीचा एक परिच्छेद बमध्ये वाचला. आवाज अप्पांचाच. प्रेमळ, व्यवस्थित, आणि पळणारा. वाक्याला वाक्य लागलेलं. कुठे श्वासाला जागा नाही. दर रविवारी फोनवर "काय केतू, जेवलीस का, जावई काय म्हणतात, पाऊस आहे का तिकडे, बरं ठेवतो" म्हणणारे अप्पा, थेट तेच.

"बमध्ये पॉज नाहीत," डॉ. रुबिना हलकेच म्हणाल्या. "चाळीस पानं ऐकताना माणूस दमेल."

क ऐकायला केतकीने नकार दिला. तो तिने आयुष्यभर ऐकला होता, तिकीट काढून.

"'क'चा पहिला ठसा कधीचा आहे?"

डॉ. रुबिनांनी पट्टा मागे सरकवला. "एकदम सुरू होतो. जून १९९८."

केतकी उठली. तिला नाव कळलं होतं. आई गेली तेव्हा तेराव्याला मालन गुरव येऊन एका कोपऱ्यात बसली होती आणि अप्पा साऱ्या गर्दीतून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले होते. काही बोलले असतील. केतकीकडे तेव्हा त्यांची पाठ होती.

"क काढून टाकता येतो?" तिने दारातून विचारलं. "म्हणजे कायमचा. कुणालाच वापरता येऊ नये असा."

"वारस म्हणून तुम्हाला तो हक्क आहे. पुसला की परत येत नाही." डॉ. रुबिना म्हणाल्या, "पंधरा दिवस आहेत तुमच्याकडे."

*

गडहिंग्लजच्या एका बोळात मालन गुरव ओसरीवर सूप घेऊन मिरच्यांचे देठ मोडत बसली होती. बहात्तर वर्षांची, काटक, कपाळावर सरकारी अक्षरचष्मा चढवलेला. समोरचा बोलला की काचेवर शब्द उमटायचे असा तो चष्मा. ऐकू न येणाऱ्या सगळ्यांना तो मिळाला होता.

केतकीने विंगेतली मालन पाहिली होती ती लांबून, तीही क्वचित. आता तिला कळलं की बाईला काहीच ऐकू येत नाही. तिने चष्मा डोळ्यांवर घ्यायची खूण केली.

"नगं त्यो. त्यो उशिरा वाचतोय," मालन म्हणाली. आवाज जरा मोठा आणि सपाट होता. "माणूस बोलून गप्प झालं की मग अक्षरं येत्यात. तू तोंड उघडून बोल. बापावानी."

बापावानी! एसटीत बसल्यापासून केतकीने एक सभ्य वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते बाजूला राहिलं. "मालनताई, तुमचं आणि अप्पांचं काय होतं?"

मालनने तिच्या ओठांकडे पाहिलं, आणि मग ती हसायला लागली. मिरचीचा खकाणा नाकात जाऊन ठसका लागला तरी हसत राहिली.

"ह्ये इचारायला पुण्यासनं आलीस? फोन करायचा की... आगं हां, मला फोन कुठला ऐकू येतोय." तिने पदराने डोळे पुसले. "काय असणार बाई? त्यांस्नी आठवायचं न्हाई आन् मला ऐकू यायचं न्हाई. एवढंच हुतं आमच्यात."

केतकीला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. "आठवायचं नाही? अप्पांना? अप्पांचं पाठांतर..."

"म्हाईत हाय. समद्या पेपरात आलंय त्यांचं पाठांतर." मालनने एक देठ मोडून बाजूला टाकला. "बेचाळिसाव्या वर्षापास्नं भाऊ, म्हंजी तुझं अप्पा, मधीच कोरे पडायचे. पाटी पुसल्यासारखं. डाक्टरला दावलं, काय सापडलं न्हाई. भ्याले. नटाला ह्यापरीस वाईट काय? हात मोडला तर गळ्यात घालून भूमिका करता येती."

"आणि तुम्ही?"

"म्या कपडेपट सांभाळायची. डावा कान गेल्याला, उजवा जायच्या बेतात. कुणाला सांगते? हाकलली असती. मी समद्यांच्या तोंडाकडं बघून भागवायची. भाऊंनी वळखलं. पाठमोरी असताना हाक मारली आन् मी वळले न्हाई. मला वाटलं, झालं, सुटलं काम. तर म्हंत्यात कसे, 'मालन, तूच बस विंगेत. दुसरे लोक संहितेकडं बघत्यात, तू माझ्या तोंडाकडं बघशील.'"

मग तिने दाखवलं. सूप खाली ठेवून, पाठ ताठ करून ती नुसत्या ओठांनी काहीतरी बोलली. आवाज अजिबात नाही. केतकीला तरीही कळलं: ते पत्र.

"आसं. पयले दोन शब्द. प्रॉम्प्टरनं आख्खं वाक्य देऊ न्हाई, नटाला लाज वाटती. आवाज बी न्हाई, मला माझा आवाज कळायचा न्हाई, मोठा लागला तर? म्हणून नुसतं ओठ. त्ये माझं ओठ वाचायचे, मी त्यांचं. कुणाला काय बी पत्ता लागला न्हाई."

"अस्वलाच्या वेळी? पुस्तकांच्या वेळी?"

"काचेपल्याड खुर्ची टाकून बसायची की. काचेतनं ऐकू येत न्हाई ना, म्हणून समदी वैतागायची. आमाला काय फरक?"

इतकं तोंड उघडून माणूस उगाच बोलत नाही. केतकीला डॉ. रुबिनांचं वाक्य आठवलं. सगळ्या महाराष्ट्राने ज्या उच्चारांवर जीव टाकला ते एका बहिऱ्या बाईला दिसावेत म्हणून होते. तिचा राग मात्र विझला नाही, त्याने फक्त जागा बदलली. प्रेमाचं काही असतं तर समजून घेता आलं असतं. हे एकतीस वर्षांचं गुपित होतं, आणि त्यात मुलीला जागा नव्हती.

"मला का नाही सांगितलं?" ती म्हणाली. तोंड उघडून बोलायचं विसरली होती. मालनला तरी कळलं.

"तुला कसं सांगत्याल? तूच तर पकडलं हुतंस."

"मी?"

"सातारला. पलीकडच्या विंगेत मी साडी घिऊन हुबी हुते. पोरी, पॉज घेतल्याल्या माणसाचं ओठ मिटल्यालं असत्यात. त्येला म्हाईत असतंय पुढं काय हाय, त्यो दाबून धरतोय. भाऊंचं ओठ उघडं हुतं. शोधत हुते. पयल्यांदाच कोरे पडले त्ये त्या दिशी. तू वाक्य दिलंस म्हणून प्रयोग उभा ऱ्हायला."

अंगणात कुणाची तरी कोंबडी मिरच्यांपर्यंत आली. मालनने तिला हुसकलं.

"ओरडले त्ये भेदरून. समद्यांम्होरं काय तरी म्हणायला पायजे हुतं. मग एकदा म्हणलं ते म्हणलं. दर मुलाखतीत म्हणत गेले, पार खरं हुईस्तवर." तिने आणखी एक देठ मोडला. "मला लई हेवा वाटायचा तुझा."

"माझा?"

"मग? गावोगाव तुझी गोष्ट. पॉज खाणारी पोर, पॉज खाणारी पोर. माझं नाव त्यांनी जाहीरपणी एकदा बी घेतलं न्हाई. घेता येत नव्हतं, म्हाईत हाय मला. तरी वाटायचंच की."

मग केतकीने थराचं सगळं सांगितलं, हळूहळू, तोंड उघडून. मालनने ऐकलं, म्हणजे पाहिलं. शेवटी म्हणाली, "म्हंजी मेल्यावर बी माझ्याशीच बोलणार व्हय?" आणि खूश झाल्याचं लपवायला तिने पुन्हा सूप ओढलं. ते केतकीच्या नजरेतून सुटलं नाही. अशा गोष्टी सुटू न देणं हाच तिचा पेशा होता.

निघताना मालनने पिशवीत मूठभर मिरच्या घातल्या. "गुडघं धरल्यापास्नं मला जायला जमलं न्हाई. शेवटाला कोण बसायचं काचेपल्याड?"

"कुणीच नाही," केतकी म्हणाली. "शेवटच्या दिवशी मी होते."

*

परतीच्या वाटेवर निपाणीपर्यंत तिने त्या दिवसाचा विचार टाळला. पुढे टाळता आला नाही.

अप्पा कधीच वाचून बोलत नसत. "वाचलेलं वाचल्यासारखंच ऐकू येतं," म्हणायचे. एक पान वाचायचं, फाइल मिटायची आणि पाठ बोलायचं, ही त्यांची रीत. त्या दिवशी ड्रायव्हर आला नाही म्हणून केतकीने त्यांना स्टुडिओत नेलं आणि काचेपलीकडे बसली. हेडफोन कानाला, संहितेची दुसरी प्रत मांडीवर, सवयीने बोट ओळीवर. अप्पा म्हणाले, "मास्तरांनी घड्याळाला चावी दिली, आणि..." आणि थांबले.

पुढची ओळ तिच्या बोटाखाली होती. "कंदिलाची काच पुसायला घेतली." किती साधी ओळ. अप्पांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं. ती हलली नाही. बेचाळीस वर्षं गिरवलेला धडा होता: पॉज खायचा नाही. उलट तिला अभिमान वाटला की या वेळी आपण चुकत नाही आहोत. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

मग अप्पांनी हेडफोन काढले. "बास आज," म्हणाले. गाडीत बसल्यावर पावसापाण्याचं बोलत राहिले, न थांबता. पुन्हा स्टुडिओत जायची वेळ आली नाही.

त्यांचे ओठ कसे होते? निपाणीच्या स्थानकात चहावाला खिडकीशी येऊन गेला. केतकीने डोळे मिटले आणि काच समोर आणली. ओठ उघडे होते.

*

"शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये एक रिकामी जागा असेल," तिने दुसऱ्या दिवशी डॉ. रुबिनांना विचारलं. "'आणि' नंतर."

"असेल. रिकाम्या जागा यंत्र आधीच कापतं. मूळ प्रत आहे." त्यांनी शोधली. "अकरा सेकंद."

"ती कोणत्या थराची आहे?"

"केतकीताई, शांततेला थर नसतो."

"श्वासाला असतो, तुम्हीच म्हणालात."

डॉ. रुबिना कामाला लागल्या. अर्धा तास पडद्यावर बारीक रेघा येत-जात राहिल्या. केतकी खिडकीबाहेर पाहत बसली. मागे वळली तेव्हा डॉ. रुबिनांनी चष्मा काढलेला होता.

"तोंड माइकवरून वळलेलं आहे, काचेकडे. उघड्या ओठांनी घेतलेला श्वास, आणि शेवटी अगदी छोटी अटक, म्हणजे श्वास जरासा अडतो. ही अटक आमच्याकडे फक्त एकाच ठिकाणी आहे. तुम्हाला पाठवलेल्या निरोपांमध्ये, 'केतू' म्हणायच्या आधी." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथे ती तीनदा आहे. अकरा सेकंदांच्या सामानावर मी संशोधनपत्रिकेत काही छापणार नाही. पण तुम्ही विचाराल तर मी ब म्हणेन. बमधला हा एकच पॉज आहे."

केतकीने तिथे रडणं पसंत केलं नाही. पाणी मागितलं, प्यायली.

"कागद द्या," ती म्हणाली.

तिने पुसण्याच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि थराच्या रकान्यात क लिहिलं. अक्षर जरा जास्तच दाबून उमटलं. सोपं नव्हतं ते. उरलेली चाळीस पानं अप्पा मालनताईंशी बोलणार, आणि लाखो लोक आपल्याशीच बोलतायत असं समजून ऐकणार. समजू देत. खाली तिने दोन अटी लिहिल्या. पहिली, श्रेयनामावलीत 'प्रॉम्प्टर: मालन गुरव' असं यावं. दुसरी वाचून डॉ. रुबिनांनी वर पाहिलं.

"अकरा सेकंद कापायचे नाहीत? ऐकणाऱ्यांना वाटेल, काहीतरी बिघडलंय."

"वाटू दे. ते त्यांचे नाहीत."

जुन्या-नव्या आवाजाची जोड तपासायला केतकी स्वतः स्टुडिओत गेली. दुपारची वेळ होती. ती काचेपलीकडच्या त्याच खुर्चीत बसली. आत माइक होता, टेबलावर मिटलेली फाइल होती, खुर्ची रिकामी होती. डॉ. रुबिनांनी कळ दाबली.

"मास्तरांनी घड्याळाला चावी दिली, आणि..."

शांतता सुरू झाली. एक श्वास, अटक. केतकीने पाठ ताठ केली. दुसरा श्वास, अटक. तिने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, जिथे तोंड असायला हवं होतं तिथे. तिसरा श्वास. आणि मग आवाज न करता, तोंड पूर्ण उघडून, नुसत्या ओठांनी तिने पहिले दोन शब्द दिले.

कंदिलाची काच.

"...कंदिलाची काच पुसायला घेतली," अप्पा म्हणाले. प स्पष्ट, ओठ पूर्ण मिटून. आवाज गडहिंग्लजकडे वळला होता. केतकीने तो जाऊ दिला, आणि बोट पुढच्या ओळीवर ठेवलं.